मायक्रोकंट्रोलरच्या मेसेजिंग लायब्ररीत मोठा संदेश तुकड्यांनी कसा द्यावा?

निरंतर

मंडळी, छोट्या मायक्रोकंट्रोलरांसाठी एमक्यूटीटीची (उपकरणांनी ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत टॉपिकवार संदेश पाठवायचा-घ्यायचा प्रोटोकॉल) एक क्लायंट लायब्ररी लिहायला घेतली आहे. खालच्या टोकाला २ केबी रॅमचा एटीमेगा३२८पी आणि वरच्या टोकाला ५२० केबीचा ईएसपी३२, दोन्हींवर एकच कोड चालावा अशी इच्छा आहे. लहान संदेशांचं सगळं नीट चाललंय. अडलंय मोठ्या संदेशांपाशी.

एमक्यूटीटीच्या पॅकेटची उरलेली लांबी एक ते चार बाइटांत लिहितात, प्रत्येक बाइटाचे सात बिट कामाचे. म्हणजे एक संदेश २६,८४,३५,४५५ बाइटांपर्यंत जाऊ शकतो. इतका मोठा कुणी पाठवत नाही, पण ४० केबीची कॉन्फिगरेशन फाइल, सर्टिफिकेट, छोटं चित्र, फर्मवेअर हे सगळं येतं. रूढ पद्धत अशी की अख्खं पॅकेट एका बफरमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या जागेत) गोळा करायचं आणि मग कॉलबॅक द्यायचा, म्हणजे ॲप्लिकेशनने नेमून दिलेलं फंक्शन बोलवायचं. पबसबक्लायंट या आर्डुइनोच्या एमक्यूटीटी लायब्ररीत हा बफर मुळात २५६ बाइटांचा असतो. तो वाढवता येतो, पण संदेश त्याहून मोठा आला तर कॉलबॅकपर्यंत पोहोचत नाही.

मला बफर न वाढवता संदेश प्रवाहासारखा पुढे द्यायचा आहे. त्याचे दोन मार्ग दिसतात. एक, लायब्ररीने तुकडा आला की कॉलबॅक करायचा: हा डेटा, इतके बाइट, एकूण लांबीपैकी इथून पुढचा. दुसरा, लायब्ररीने फक्त 'संदेश आलाय, एवढा मोठा आहे' असं सांगायचं आणि ॲप्लिकेशनने हवे तसे बाइट वाचून घ्यायचे. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण तो सोपा वाटतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगावं: कोणता घ्यावा, आणि का?

आठबिटी

मुळात हे लायब्ररीत हवंच का? बहुतेक उपकरणांना येणारे संदेश म्हणजे 'चालू', 'बंद', 'तापमान इतकं ठेव'. फर्मवेअर आणायचं तर संदेशात फक्त पत्ता आणि हॅश (फाइल बरोबर आली का ते तपासायचा ठसा) पाठवा, फाइल एचटीटीपीने रेंज, म्हणजे हवा तेवढाच भाग, मागून घ्या. मध्येच कनेक्शन तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करता येतं. एमक्यूटीटीमध्ये अर्धा संदेश पुन्हा मागता येत नाही, पहिल्या बाइटापासून सुरुवात.

शिवाय एमक्यूटीटी ५ मध्ये क्लायंटला जोडणीच्या वेळीच सांगता येतं की मी एवढ्याच आकाराचं पॅकेट घेईन. त्याहून मोठं ब्रोकरने पाठवायचंच नाही असा नियम आहे. मर्यादा सांगा आणि मोकळे व्हा. २ केबीच्या चिपवर प्रत्येक अवस्थेला रॅम आणि फ्लॅश दोन्ही लागतात.

तारयंत्र

आठबिटी, फर्मवेअरबद्दल पटलं. बाकीच्याबद्दल नाही.

एमक्यूटीटीच्या ३.१.१ या आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सांगायची सोयच नाही, आणि शेतात-कारखान्यात बसलेली कितीतरी उपकरणं अजून ३.१.१ बोलतात. आता अशी परिस्थिती घ्या: उपकरणाने वाइल्डकार्ड लावून, म्हणजे एका झाडाखालचे सगळे टॉपिक एकदम, सबस्क्राइब केलंय, आणि त्या झाडाखालच्या एखाद्या टॉपिकवर भलत्याच कुणीतरी ३० केबीचा रिटेन्ड (ब्रोकर जपून ठेवतो तो) संदेश ठेवला. उपकरण जोडलं की सबस्क्राइब केल्या केल्या ब्रोकर तो देणार. लायब्ररीने घाबरून कनेक्शन तोडलं तर पुन्हा जोडणी, पुन्हा तोच संदेश, पुन्हा तोडणी. उपकरण कायमचं त्या चक्रात अडकतं, आणि ते सोडवायला कुणीतरी ब्रोकरवर जाऊन तो संदेश पुसावा लागतो.

तेव्हा नको असलेला मोठा संदेश शांतपणे गिळून पुढच्या पॅकेटच्या सुरुवातीला बरोबर पोहोचणं हे प्रत्येक लायब्ररीला यायलाच हवं. त्यासाठी 'किती बाइट उरलेत' हा मोजणारा आकडा लागतो. तो एकदा लिहिला की प्रवाहाचं निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं. फेकायचे बाइट आणि ॲप्लिकेशनला द्यायचे बाइट यांत फरक फक्त ते कुठे जातात एवढाच.

शून्यएक

वाचतोय. रिटेन्ड संदेशाचा मुद्दा भारी आहे, असं अडकलेलं उपकरण पाहिलंय.

अबोली

निरंतर, दुसऱ्या मार्गातला सगळ्यात मोठा धोका सांगते. ॲप्लिकेशन पूर्ण वाचेल याची खात्री नसते. कुणीतरी जेसन (कंसांत मांडलेला मजकूररूपी डेटा) वाचायला घेतो, शेवटचा महिरपी कंस मिळाला की पार्सर (त्याचा अर्थ लावणारा कोड) थांबतो, आणि मागे एक नवी ओळ राहते. एकच बाइट. लायब्ररीने तो काढून टाकला नाही तर पुढच्या फेरीत तोच बाइट पॅकेटचा पहिला बाइट म्हणून वाचला जातो. त्याच्यापुढचे बाइट लांबी म्हणून वाचले जातात, आणि तिथून पुढे सगळा कचरा.

आणि ही चूक प्रयोगशाळेत दिसत नाही, कारण तिथे आपण आपल्याच हाताने पाठवलेला नेटका जेसन असतो. त्यामुळे वाचण्याची पद्धत ठेवायची असेल तर दोन गोष्टी लायब्ररीच्याच ताब्यात हव्यात. वाचणाऱ्याला संदेशाच्या हद्दीपलीकडचा बाइट कधीच मिळता कामा नये, आणि कॉलबॅक संपल्यावर उरलेलं सगळं लायब्ररीने स्वतः काढून टाकावं.

मेघमल्हार

इतरांनी काय केलंय ते पाहण्यासारखं आहे.

ईएसपी-आयडीएफ या ईएसपी३२ च्या अधिकृत संचातल्या एमक्यूटीटीत पहिला मार्ग आहे. डेटाचा इव्हेंट येतो, त्यात या तुकड्याची लांबी, एकूण लांबी आणि आत्ताचा ऑफसेट असतो. पण टॉपिक फक्त पहिल्या तुकड्यासोबत येतो. पुढच्या तुकड्यांत टॉपिकची लांबी शून्य. ज्यांना हे ठाऊक नसतं त्यांचा कोड दर तुकड्याला टॉपिक तपासतो आणि दुसऱ्या तुकड्यापासून काहीच जुळत नाही.

एलडब्ल्यूआयपी या छोट्या टीसीपी/आयपी स्टॅकमधल्या क्लायंटने दोन वेगळे कॉलबॅक ठेवलेत: एक टॉपिक आणि एकूण लांबी सांगतो, दुसरा डेटा देतो, आणि शेवटच्या तुकड्यावर तसा झेंडा असतो. ही मांडणी मला जास्त स्वच्छ वाटते, कारण 'सुरू झालं' हे वेगळं कळतं आणि तिथेच ठरवता येतं की पुढचे बाइट कुठे जाणार.

झेफर या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दुसरा मार्ग: पब्लिश आल्याचं कळतं, पेलोड तुम्ही वेगळं फंक्शन बोलावून वाचायचा.

तिन्ही चालतात. म्हणजे ढकलणं (पहिला मार्ग) की ओढणं (दुसरा) यावर खरी गोष्ट अवलंबून नसावी असं मला वाटतं.

जुनाखोड

मेघमल्हार यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, आणि थोडं पुढे जातो. जरा लांबेल.

निरंतर, लायब्ररीच्या गाभ्याला सॉकेट दाखवूच नका. गाभा म्हणजे एक स्टेट मशीन, आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते लक्षात ठेवणारं. त्याला बाइट भरवायचे: हे घे, इतके आहेत. पहिला बाइट, मग लांबीचे बाइट, मग टॉपिकच्या लांबीचे दोन बाइट, टॉपिक, क्यूओएस (संदेश पोहोचण्याच्या हमीची पातळी, ० ते २) १ किंवा २ असेल तर पॅकेट आयडीचे दोन, ५ असेल तर प्रॉपर्टीज, मग पेलोड. कुठल्याही बाइटावर इनपुट संपलं तरी मशीन जिथल्या तिथे थांबलं पाहिजे आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू झालं पाहिजे. आत कुठेही 'अजून बाइट येईपर्यंत थांब' असं वळण नको. ते वळण आलं की वॉचडॉग (अडकलेली चिप रीसेट करणारं घड्याळ) आला, टाइमआउट आला, आणि कोड दुसऱ्या चिपवर नेताना रडारड आली.

आता खरं कळीचं: भरवण्याच्या या फंक्शनने किती बाइट खाल्ले ते परत सांगावं. आणि ॲप्लिकेशनच्या तुकड्याच्या कॉलबॅकनेही तेच करावं. तुम्ही ६४ बाइट दिलेत, त्याने २० घेतले, तर तो २० परत करतो. शून्य परत केलं तर अर्थ 'आत्ता नको'. मग लायब्ररी सॉकेटमधून वाचणंच थांबवते आणि पुढच्या फेरीत उरलेले ४४ पुन्हा देऊन पाहते.

ढकलण्याच्या साध्या पद्धतीत ही जागाच नसते. कॉलबॅकने तुकडा घ्यायचाच, आणि फ्लॅशमध्ये जागा पुसून होईपर्यंत तिथेच अडून बसायचं. फ्लॅशचा ४ केबीचा सेक्टर पुसायला चाळीस-पन्नास मिलिसेकंद सहज लागतात, कधी त्याहून बरंच जास्त. तेवढ्यात बाकीचं सगळं ठप्प. परतीचा आकडा आला की तेच ढकलणं सभ्य होतं.

हे मी सिरियलवरच्या प्रोटोकॉलांसाठी वर्षानुवर्षं वापरतो आहे. डीएमए (प्रोसेसरला न अडवता डेटा हलवणारं हार्डवेअर) रिंग बफरमध्ये भरतो, मुख्य लूप स्टेट मशीनला भरवतो, इंटरप्टच्या आत पार्सिंगचं एक अक्षर नाही.

पोपटपंची

काका, एक प्राथमिक शंका. आपण वाचणं थांबवलं तर बाइट जातात कुठे? पाठवणारा तर पाठवतोच आहे. ते हरवत नाहीत का?

तारयंत्र

छान प्रश्न, प्राथमिक मुळीच नाही.

टीसीपीमध्ये घेणारा प्रत्येक उत्तरात सांगत असतो की माझ्याकडे अजून एवढी जागा आहे. तिला विंडो म्हणतात. आपण वाचलं नाही की स्टॅकचा बफर भरतो, विंडो आक्रसत शून्यावर येते, आणि पाठवणारा थांबतो. तो अधूनमधून एक छोटी चाचपणी पाठवत राहतो. आपण वाचलं की विंडो उघडते आणि प्रवाह पुन्हा सुरू. एकही बाइट हरवत नाही.

डब्ल्यू५५०० सारखी इथरनेट चिप असेल तर हा बफर चिपच्या आतच असतो, मुळात प्रत्येक सॉकेटला घेण्यासाठी २ केबी. म्हणजे २ केबी रॅमच्या एटीमेगाला आणखी २ केबी फुकट मिळाले, आणि एसपीआयच्या तारांवरून ६४-६४ बाइट ओढत बसता येतं. आठबिटी म्हणतात तशी रॅमची अडचण इथे उलट कमी होते: टॉपिकसाठी ६४, तुकड्यासाठी ६४, अवस्थेसाठी थोडे बाइट, आणि संदेश कितीही मोठा असो.

यूएआरटीवर (साध्या सिरियल जोडणीवर) मात्र असं आपोआप होत नाही. तिथे आरटीएस-सीटीएसच्या ('थांब', 'पाठव' सांगणाऱ्या) तारा जोडलेल्या नसतील तर वाचायला उशीर म्हणजे बाइट गेला. काकांचा रिंग बफर तिथे किती मोठा हवा हे सगळ्यात लांब अडथळ्यावर ठरतं. १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० बाइट येतात, म्हणजे ५० मिलिसेकंद अडलात तर ५७६ बाइट साचले.

अबोली

आता या थांबण्याचा दुसरा चेहरा. कीप-अलाइव्ह, म्हणजे कनेक्शन जिवंत असल्याची खूण देत राहणं.

क्लायंटने ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळात काहीच पाठवलं नाही तर ब्रोकर कनेक्शन तोडतो. म्हणून आपण पिंग पाठवतो, आणि बहुतेक लायब्ऱ्या उत्तर वेळेत आलं नाही तर स्वतःच कनेक्शन तोडतात. आता ॲप्लिकेशनने 'आत्ता नको' म्हणून मोठा संदेश अर्ध्यात थांबवलाय. पिंग गेला, ब्रोकरने उत्तरही दिलं. पण ते उत्तर त्याच टीसीपी प्रवाहात, आपण न वाचलेल्या पेलोडच्या मागे उभं आहे. आपल्याला ते दिसणारच नाही. लायब्ररी समजते ब्रोकर मेला आणि चांगलं कनेक्शन तोडते. संदेश परत पहिल्यापासून.

उपाय अवघड नाही, पण आधीपासून मनात हवा. कुठलाही बाइट आला की तो जिवंतपणाचा पुरावा धरायचा, फक्त पिंगच्या उत्तराची वाट पाहायची नाही. आणि ॲप्लिकेशनने थांबवलं असेल तेवढा वेळ ते घड्याळ थांबवायचं. पिंग पाठवणं मात्र चालूच ठेवायचं, नाहीतर ब्रोकर खरंच तोडेल.

ॲप्लिकेशन विसरलं आणि कायमच शून्य परत करत बसलं तर? त्यासाठी एक वरची मर्यादा हवी, आणि ती ओलांडली की उरलेला संदेश गिळून टाकायचा.

आठबिटी

अबोलीताईंनी माझाच मुद्दा पक्का केला. एका मोठ्या संदेशामागे सगळं अडतं. ४० केबी हळूहळू येत असताना 'मोटर थांबव' हा संदेश आला तर तो रांगेत मागे उभा. एमक्यूटीटीच्या एका कनेक्शनवर एक पॅकेट अर्धवट सोडून दुसरं पुढे काढता येत नाही. क्यूओएसचा प्राधान्याशी काहीही संबंध नाही. जिथे तातडीचा आदेश येऊ शकतो तिथे मोठा डेटा त्याच कनेक्शनवर नसावा, लायब्ररी कितीही चांगली असली तरी.

मोठा डेटा आणायचाच असेल तर पाठवणाऱ्याने तुकडे करावेत. कोॲप या छोट्या उपकरणांसाठीच्या प्रोटोकॉलमध्ये हे नीट बांधलंय. २०१६च्या आरएफसी ७९५९ या मानकात १६ ते १०२४ बाइटांचे ब्लॉक आहेत आणि क्लायंट हवा तो ब्लॉक क्रमांकाने मागतो. तेच एमक्यूटीटीवर दोन टॉपिक घेऊन करता येतं: उपकरण म्हणतं 'सतरावा तुकडा दे', सर्व्हर देतो. दोन तुकड्यांच्या मधून आदेश निसटून येऊ शकतो. वीज गेली तर सतराव्यापासून पुन्हा सुरू.

निरंतर

आठबिटी, हे लायब्ररीच्या मदतपानांवर ठळक लिहीन. दोन्ही बाजू माझ्या हातात असतील तिथे तुकडे मागण्याची पद्धत चांगली आहे यात शंका नाही. पण समोरची बाजू नेहमी हातात नसते, तेव्हा प्रवाह हवाच.

काकांचा परतीचा आकडा मनापासून आवडला. त्याने माझा 'ढकलणं की ओढणं' हा प्रश्नच बदलला.

रानवारा

सगळे बाइट कसे वाहतील यावर बोलताय. मला जास्त काळजी आहे ती शेवटाची. संदेश पूर्ण झाला हे कोण ठरवणार, आणि पोच कधी जाणार?

बफरच्या पद्धतीत एक मोठं सुख असतं: ॲप्लिकेशनला एकतर पूर्ण संदेश मिळतो किंवा काहीच मिळत नाही. प्रवाहात हे वचन तुटतं. ४० पैकी २५ केबी दिल्यावर कनेक्शन गेलं, तर ॲप्लिकेशनच्या हातात अर्धी फाइल आहे. त्याला कुणी सांगितलंच नाही तर ते वाट पाहत बसेल, आणि पुन्हा जोडणी झाल्यावर पहिल्यापासून आलेले बाइट त्या अर्ध्याच्या पुढे चिकटवेल. म्हणून सुरू, तुकडा आणि शेवट यांच्या जोडीला 'तुटलं' हा चौथा कॉलबॅक हवा. आणि नियम असा हवा की प्रत्येक 'सुरू'ला 'शेवट' किंवा 'तुटलं' यांतला एक, आणि एकच, मिळणारच. अबोलीताईंच्या मर्यादेमुळे संदेश गिळला गेला तरी 'तुटलं'च.

क्यूओएस १ ची पोच 'शेवट' झाल्यावरच जावी. पहिला तुकडा आल्यावर पाठवली तर ब्रोकरच्या लेखी संदेश पोहोचला, आणि मध्येच तुटलं तर तो पुन्हा येणार नाही. क्यूओएस २ मध्येही पॅकेट आयडी शेवटच्या बाइटनंतरच नोंदवायचा, नाहीतर पुन्हा आलेला खरा संदेश दुबार समजून फेकला जाईल. आणि क्लीन सेशन (ब्रोकरने आधीचं काही लक्षात न ठेवणं) लावून जोडलं असेल तर पोच न गेलेला संदेशही पुन्हा मिळत नाही. वापरणाऱ्याने हे समजून सेशन टिकवायला हवं.

तुकडे येत असताना त्यांवर कृती करायची नाही हेही तितकंच खरं. फर्मवेअर असेल तर ते न वापरातल्या पार्टिशनमध्ये लिहायचं, शेवटी हॅश जुळला तरच ते बूटसाठी निवडायचं. कॉन्फिगरेशन असेल तर बाजूला लिहायचं, शेवटी अदलाबदल.

आठबिटी

हॅश जुळला नाही तर? पोच न पाठवता ठेवलीत तर पुढच्या जोडणीला तोच खराब संदेश परत. हे तारयंत्रांच्या रिटेन्ड चक्रासारखंच झालं.

रानवारा

बरोबर. म्हणून पोच म्हणजे 'मिळालं', 'पटलं' नव्हे, असं मी धरतो. पूर्ण बाइट मिळाले की पोच द्यायची, मजकूर बिघडलेला निघाला तर वेगळ्या टॉपिकवर तसं कळवायचं. फक्त वाहतूक तुटली तरच पोच नाही.

मेघमल्हार

एक अवांतर, पण बफर वाचवायला निघालेल्यांनी लक्षात ठेवावं असं. टीएलएस, म्हणजे कनेक्शनवरचा डेटा कूटबद्ध करणारा थर.

टीएलएसचं एक रेकॉर्ड १६ केबीपर्यंत असू शकतं, आणि त्याच्या खरेपणाची खूण शेवटी असते. पूर्ण रेकॉर्ड येऊन ती पडताळल्याशिवाय आतला एकही बाइट वर देता येत नाही. म्हणजे वर ६४ बाइटांचे नेटके तुकडे, आणि खाली १६ केबीचा बफर ठाण मांडून. एम्बेड टीएलएस या लायब्ररीत येणाऱ्या बाजूचा बफर मुळात तेवढाच असतो.

आरएफसी ६०६६ मधला मॅक्स फ्रॅगमेंट लेंग्थचा पर्याय सर्व्हरने मानला तर ५१२, १०२४, २०४८ किंवा ४०९६ वर येता येतं. पण सगळे सर्व्हर मानत नाहीत. आधी तपासा, मग रॅमचा हिशोब मांडा.

पोपटपंची

माझा अनुभव छोट्या डिस्प्लेचा आहे. एमक्यूटीटीवरून मराठी मजकूर येतो आणि पडद्यावर सरकतो. तुकडे आले तसे दाखवले तर मध्येच चौकोन उमटतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि तुकडा नेमका त्यांच्यामधून कापला जातो. ६४ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे अखंड देवनागरी मजकुरात पहिल्याच हद्दीवर हे होणार!

जुनाखोड

पोपटपंची, तुझ्या उदाहरणात परतीच्या आकड्याचा उपयोग स्वच्छ दिसतो बघ. तुकड्याच्या शेवटापासून मागे ये. ज्या बाइटाचे वरचे दोन बिट १० आहेत तो मधला बाइट. चिन्हाची सुरुवात सापडली, ते अपुरं असेल तर त्याच्या आधीपर्यंतचेच बाइट घेतले असं सांग. उरलेले एक-दोन पुढच्या वेळी पूर्ण होऊन येतील. तुला स्वतःचा बफर ठेवायची गरज नाही.

जोडाक्षरांसाठी मात्र एवढं पुरणार नाही. 'क्ष' म्हणजे तीन चिन्हं, नऊ बाइट. तिथे शब्दाच्या जागेवर कापणं चांगलं, फक्त एक शब्द तुकड्यात मावेल एवढा तुकडा ठेव.

निरंतर, यातून लायब्ररीवर एक जबाबदारी येते हे टिपून ठेवा: न घेतलेले बाइट पुढच्या बाइटांना सलग जोडून द्यावे लागतील. आणि पूर्ण भरलेला तुकडा देऊनही शून्य मिळालं तर नवीन काही जोडायला जागाच नसते, तेव्हा ते फक्त 'नंतर'.

शून्यएक

पण मग जेसनचं काय? आर्डुइनोजेसनला स्ट्रीम देता येते, पण तो स्वतः बाइट ओढतो. नॅनोपीबी हा प्रोटोबफचा पार्सरही तसाच. त्याने मागितलेले सगळे बाइट भरून द्यायचे, नाहीतर अपयश म्हणायचं. 'आत्ता थोडेच आहेत, नंतर ये' हे त्याला कळतच नाही. काकांच्या पद्धतीत हे पार्सर बसत नाहीत.

जुनाखोड

रास्त आक्षेप. ज्याचा पार्सर ओढणारा आहे त्याला थांबता येईल अशी जागा हवी. आरटीओएस (अनेक टास्क चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर ती जागा म्हणजे वेगळं टास्क. फ्रीआरटीओएसमध्ये आवृत्ती १० पासून स्ट्रीम बफर आहेत, एक लिहिणारा आणि एक वाचणारा धरून बनवलेले. तुकड्याचा कॉलबॅक त्यात लिहितो, जितके मावले तितके परत सांगतो. पलीकडचं टास्क निवांत ओढतं आणि पार्सरला देतं. बफर भरला की शून्य, शून्य मिळालं की सॉकेट थांबतं, सगळी साखळी आपोआप जुळते.

आरटीओएस नसेल तर अडून वाचणारा एक पातळ थर द्यावा: बाइट नसतील तर तो आतून सॉकेट हलवतो, टाइमआउट पाळतो, संदेशाच्या हद्दीवर थांबतो. तो गाभ्याच्या बाहेर असावा, म्हणजे ज्याला नको त्याच्या फ्लॅशमध्ये तो येणार नाही.

अबोली

त्या थरात एक सापळा आहे. आतून सॉकेट हलवताना जाणारी पॅकेट्सही जाणार, आणि ॲप्लिकेशन कॉलबॅकच्या आतूनच पब्लिश करणार. येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकच बफर असेल तर पब्लिश करताच हातातला टॉपिक आणि पेलोड पुसला जातो. पबसबक्लायंटच्या मदतपानांत म्हणूनच लिहिलंय की आधी पेलोडची प्रत काढा. निरंतर, तुमच्याकडे जाणाऱ्या हेडरसाठी वेगळे थोडे बाइट ठेवा. पेलोड तर तसाही वापरणाऱ्याच्या जागेतूनच जाईल.

तारयंत्र

पाठवण्याबद्दल कुणी बोललं नाही, ते राहायला नको. पाठवतानाही प्रवाह हवा, पण एमक्यूटीटीत एकूण लांबी आधी लिहावी लागते. एचटीटीपीच्या चंक्ड पद्धतीसारखं 'संपलं की सांगतो' इथे नाही. जेसन असेल तर दोनदा चालवा: एकदा फक्त मोजायला, एकदा लिहायला. १००० बाइट सांगून ९०० वरच डेटा संपला तर पॅकेट रद्द करायचा मार्गच नाही. उरलेले १०० काहीतरी भरा किंवा कनेक्शन तोडा.

क्यूओएस १ असेल तर आणखी एक अट. पोच आली नाही तर संदेश पुन्हा पाठवावा लागतो, आणि प्रवाह तर वाहून गेला. म्हणून क्यूओएस १ च्या मोठ्या संदेशासाठी लायब्ररीने बाइट मागताना ऑफसेट द्यावा: 'इथून पुढचे इतके दे'. फ्लॅशमधली फाइल असेल तर देता येईल. थेट सेन्सरमधून येत असेल तर क्यूओएस ० च वापरावा.

निरंतर

मूळ प्रश्नाकडे येतो. आता असं ठरवतोय.

गाभा सॉकेट न ओळखणारं स्टेट मशीन. ॲप्लिकेशनकडे चार कॉलबॅक: सुरू, तुकडा, शेवट, तुटलं. सुरूमध्ये टॉपिक आणि एकूण लांबी, आणि तिथेच 'नको' म्हणता येईल, मग उरलेलं लायब्ररी गिळेल आणि पुढे काहीच कळवणार नाही. तुकडा घेतलेल्या बाइटांचा आकडा परत करेल. पोच शेवटानंतर. ओढण्याचा थर वेगळ्या फाइलमध्ये. म्हणजे ढकलणं खाली आणि ओढणं त्याच्यावर, हे माझं उत्तर.

टॉपिक बफरपेक्षा लांब असेल तर संदेश गिळायचा आणि एक आकडा वाढवायचा. टॉपिक ६५,५३५ बाइटांपर्यंत असू शकतो, तेवढा कुठल्याच लहान चिपवर मावणार नाही.

मेघमल्हार

एमक्यूटीटी ५ असेल तर टॉपिक साठवायचीही गरज नाही. सबस्क्राइब करताना आयडेंटिफायर द्या. ब्रोकर तो प्रत्येक संदेशासोबत परत देतो. तो प्रॉपर्टीजमध्ये म्हणजे टॉपिकनंतर आणि पेलोडच्या आधी येतो, तेव्हा टॉपिकचे बाइट सोडून द्या आणि त्या आकड्यावरून हँडलर निवडा. वाइल्डकार्ड लावलेल्या सबस्क्रिप्शनला नेमका टॉपिक हवा असेल तरच साठवा.

आठबिटी

हे मला आवडलं. २ केबीमध्ये ६४ बाइट वाचले म्हणजे खूप झालं. 'नको' म्हटल्यावर मात्र 'तुटलं' मिळणार नाही हे मदतपानांत स्पष्ट लिहा, रानवारांचा नियम तिथे लागू होत नाही. आणि चाचणी कशी करणार ते सांगा. अशा कोडमधल्या चुका नेहमी तुकड्यांच्या हद्दीवर असतात.

निरंतर

गाभ्याला सॉकेट दिसत नसल्यामुळे चाचणी साध्या संगणकावर चालेल. एकच बाइटांची मालिका घ्यायची: लहान संदेश, मोठा संदेश, पिंगचं उत्तर, पुन्हा लहान संदेश. ती एकदा सगळी एकत्र भरवायची, एकदा एकेक बाइट, आणि मग प्रत्येक शक्य जागी दोन भाग करून. कॉलबॅकमधून मिळालेलं सगळं जोडलं की दरवेळी तंतोतंत तेच आलं पाहिजे.

रानवारा

त्याच्या जोडीला तुकडा घेणाराही लहरी करा. कधी एकच बाइट घेईल, कधी शून्य, कधी सगळे. आणि मालिका प्रत्येक बाइटावर तोडून पाहा की प्रत्येक 'सुरू'ला एक आणि एकच समाप्ती मिळतेय. लांबीच्या चार बाइटांच्या मध्ये तोडायला विसरू नका. १२७ आणि १२८, १६,३८३ आणि १६,३८४ या लांब्या मुद्दाम घ्या, तिथे लांबीचा एक बाइट वाढतो.

निरंतर

घेतो. पहिली आवृत्ती चालली की चाचण्यांसकट इथेच दुवा देईन. एटीमेगा आणि डब्ल्यू५५०० ची जोडी कुणाकडे असेल तर चालवून पाहायला मदत हवी आहे.

तारयंत्र

माझ्याकडे आहे. पाठवा.